काजळ्याचं आवतण

"काम नो! काम नो!"

मागून आवाज आला आणि माझ्या हातातलं पेन टेबलाखाली गेलं. वळून बघते तर ओकादा-सान! शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यातले सगळ्यात मोठे जपानी साहेब माझ्या टेबलावर वाकलेले आणि त्यांचं बोट थेट माझ्या चित्रावर. कामाच्या वेळेत चित्र काढताना सापडले, आता गेली नोकरी, असं म्हणत मी कागद खणात कोंबला आणि ताडकन उभी राहिले.

"सॉरी सर! काम येस! करते सर, आत्ता करते!"

"नो, नो! काम नो!"

म्हणजे काढूनच टाकलं म्हणायचं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेवढ्यात साहेबांनी स्वतःच खण ओढला, चुरगळलेला कागद बाहेर काढून टेबलावर सरळ केला आणि दोन्ही हातांची बोटं शिंगांसारखी डोक्याला लावून ते अख्ख्या ऑफिसात ठुमकत चालायला लागले. "ॲनिमल! मॅन! के-मो-नो!"

केमोनो! अरे देवा, केमोनो म्हणत होते ते! हा शब्द मी बारावीपासून मोबाइलवर वाचत होते, स्वतः लिहीत होते, पण माणसाच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. ऐकणार तरी कुठे, कुंभेफळात? मी तिथल्या तिथे टुणकन उडी मारली. साहेबांनीही मारली. ऑफिसातली मंडळी आमच्या दोघांकडे बघतच राहिली.

केमोनो म्हणजे जपानी भाषेत जनावर. पण तिकडचे चित्रकार ज्याला केमोनो म्हणतात ते जनावर दोन पायांवर उभं असतं, कपडे घालतं, चहा पितं, ऑफिसला जातं. तोंड मात्र जनावराचंच ठेवायचं. डोळे टपोरे काढायचे, त्यात उजेडाचे दोन ठिपके सोडायचे, आणि मनात काय चाललंय ते सगळं कान आणि शेपटीतून सांगायचं. खुशीत असेल तर कान वर, रुसला तर कान खाली. मी मोबाइलच्या काचेवर बोटाने हे शिकले. कोल्हे, मांजरं, लांडगे, सगळेच काढतात ती काढून झाली. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की लांडगा मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पाहिलाय तो बैल. त्या दिवसापासून मी एकच काढत आले. काजळ्या.

काजळ्या आमचा बैल. देवणी जातीचा. अंगाने पांढराशुभ्र आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळा रंग असा पसरलेला, की कुणीतरी बसून काजळ घातलंय असं वाटावं. कान लांब, लोंबते. नजर अशी, की आपणच काहीतरी चुकलोय असं समोरच्याला वाटायचं. मायचं माहेर कन्नडकडचं, घाटाजवळचं. तिच्या लग्नानंतर मामांनी तिच्यामागून हे वासरू पाठवलं होतं. आमच्याकडे बैल तो एकटाच. शेजारच्या बद्रीनाथकाकांकडे एकटा मोऱ्या. पेरणी आली की दोन्ही घरांची सावड व्हायची, काजळ्या आणि मोऱ्या एका जुवाखाली जायचे, आधी त्यांचं रान आणि मग आमचं.

त्या मोठ्या दुष्काळात मी दहावीत होते. टँकर आला की गावात भांड्यांचा आवाज व्हायचा, तो अजून माझ्या कानात आहे. माणसांना पाणी पुरेना तर बैलाला कुठून? मामांच्या विहिरीला तळाशी थोडं पाणी होतं. ठरलं की काजळ्याला पाऊस पडेपर्यंत माहेरी पाठवायचं. हो, माहेरीच. आमच्या घरात तोच शब्द वापरला गेला. टेम्पो पोळ्यानंतर येणार होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मायने नेहमीप्रमाणे त्याचे खांदे मळले, हळद घातलेलं लोणी चोळलं आणि कानाशी जाऊन आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." आमच्या भागात बैलाला पोळ्याचं जेवणाचं आमंत्रण असं आदल्या दिवशी रीतसर देतात. पाहुण्याला देतात तसंच. आणि टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी पहाटेच दारात उभा! त्याला दुसरं भाडं मिळालं होतं, आत्ता नाहीतर नाही म्हणाला. पुरण शिजायचं होतं. काजळ्या उपाशीच गेला. नंतर आमचं रान कारखान्यांच्या रस्त्यात गेलं, मग बैल आणायचा तरी कशाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मामांचा फोन आला, काजळ्या गेला.

तेव्हापासून मायने घरात पुरण शिजवलं नाही. ना होळीला, ना पोळ्याला. त्याचं नावही तिने कधी घेतलं नाही.

तर त्या दिवशी ओकादा-सानांच्या हातात होता तो कागद म्हणजे काजळ्याच. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, पायात सुरक्षेचे बूट, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताने 'थांबा' म्हणणारा. साहेबांनी मला मीटिंगच्या खोलीत नेलं. पांढऱ्या फळ्यावर मांजर, अस्वल, बेडूक काढत त्यांनी समजावलं, की जपानमध्ये गावागावाचा असा एक प्राणी असतो. अग्निशामक दलाचा असतो, गटारखात्याचासुद्धा असतो! भारतातल्या कारखान्यालाही सुरक्षेसाठी असा एक हवा. गेटवर त्याचं चित्र लागेल, यंत्रायंत्रावर लागेल, त्याचा मोठा पोशाख शिवला जाईल आणि कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात तो सगळ्यांना भेटेल.

"युअर बुल," साहेब म्हणाले. "नेम?"

"काजळ्या."

"काजारुया!" ळ त्यांना जन्मात आला नसता. मग त्यांनी पोराच्या नावाला लाडाने लावतात तो 'कुन' जोडला. "काजारुया-कुन!"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त ओरडून घेतलं. मी तनुजा, रिजेक्ट मालाच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवणारी, जिचं नाव सुपरवायझरलाही धड आठवत नाही, तिचा बैल गेटवर लागणार होता!

मग सुरू झाला खरा आनंद. पुढून, मागून, बाजूने, हसताना, रागावताना, सगळे काजळ्या काढायचे होते. बैलाचे डोळे असतात बाजूला. ते समोर आणले की तो बैल दिसत नाही, कुत्रा दिसतो. दोन दिवस मी डोळ्यांशीच भांडले. शेवटी काजळाने वाचवलं. डोळे समोर आणले आणि काळा रंग मागे कानापर्यंत ओढला, की झाला आपला काजळ्या! त्यानंतर हेल्मेटचं लचांड. शिंगांसाठी मी हेल्मेटला दोन भोकं पाडली होती. सुरक्षा अधिकारी खुर्चीतून उठलेच. "भोक पाडलेलं हेल्मेट? नियमात बसत नाही!" मग मी शिंगं थोडी बाहेर कलती केली आणि हेल्मेट मधोमध बसवलं. ते म्हणाले, "शिंगांची टोकं उघडी आहेत. टोकदार वस्तूला टोपण लागतं." मी म्हटलं, "आहे की सर. शेंब्या!" आणि पोळ्याला घालतात तशा पितळी शेंब्या शिंगांच्या टोकांवर काढून दिल्या. ओकादा-सानांनी टाळ्या वाजवल्या. सुरक्षा अधिकाऱ्यांनी सही केली. शेंब्या नियमात बसल्या!

घरी चित्र आधी आबांना दाखवलं. आबा, म्हणजे माझे वडील कडूबा, त्याच कारखान्यात माल चढवण्याच्या विभागात आहेत. वर्षानुवर्षं खोकी उचलून त्यांचा उजवा खांदा कामातून गेलाय. रात्री वळता येत नाही. माय म्हणते तेल लावून देते, तर म्हणतात, "म्या काय म्हातारा झालो व्हय?" त्यांनी मोबाइल लांब धरून चित्र पाहिलं. मग जवळ आणलं. पुन्हा लांब धरलं.

"हात दिलेस त्याला," ते म्हणाले.

"केमोनोला असतात आबा."

"बरं केलंस. तवा हात असते तं दावं सोडून आला असता मागारी." आणि मोबाइल मला देऊन ते अंगणात गेले. अंगणात काजळ्याचा खुंटा अजून आहे. रान गेलं पण घर तेच, त्यामुळे खुंटाही तसाच राहिला.

मायला दाखवलं तर तिने एकदाच पाहिलं. "पुसून टाक त्ये."

"माय, अगं निवड झाली त्याची! गेटवर लागणारे!"

"ज्याला आवतण देऊन जेवाया घातलं नाय, त्याला दारात कशाला उभं करतीस गं? पुसून टाक म्हनलं ना." आणि ती भाकरी थापायला वळली. मला इतका राग आला, की मी जेवले नाही. इतकी वर्षं मी त्याला काढत होते ते याचसाठी, की तो कुठेतरी उभा राहावा. आणि मायलाच तो नको होता.

पण खरा बार फुटला कारखान्यात. मेळाव्याची जाहिरात कँटीनच्या भिंतीवर लागली. त्यावर हा भलामोठा काजळ्या, आणि खाली अक्षरं: 'मी तुमच्यातलाच एक!' ही ओळ श्रीरंग सरांची. श्रीरंग सर आमचे एचआरचे साहेब, सिडकोत राहणारे, मनाने चांगले. त्यांनी ती फार हौसेने लिहिली होती. जेवणाच्या सुट्टीत बद्रीनाथकाका, रान गेल्यापासून तेही इथेच कामाला, ताट घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहिले, मोठ्याने वाचलं, आणि ताट दाणकन टेबलावर ठेवलं.

"म्हंजे आमी बैल?"

काकांनी भिंतीकडे हात केला.

"क्या बात है! जिमिनी घेतल्या, दावणी मोकळ्या झाल्या, आन् आता आमालाच बैल केलं? राबा आन् मान हलवा! कुनी काढलं हे?"

मी काढलं होतं. मी समोरच बसले होते. काकांना ते चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळेच त्यांना जास्त लागलं होतं.

"काका, तो काजळ्या आहे," मी म्हटलं. "तुमच्या मोऱ्याच्या जोडीचा."

"मला काऊन सांगतीस? म्या वळखला न्हाई व्हय? पर इथं त्यो काजळ्या न्हाई, पोरी. इथं त्यो बैल हाय. सायब लोक हसून म्हणतेत ना, बैल कुठला, त्यो बैल."

बैल! एवढी वर्षं मी बैल काढला, पण तो शब्द शिवीतही जातो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेत गणित चुकलं की गुरुजी मुलांना हेच तर म्हणायचे! संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागांत एकच ठरलं. मेळाव्याला येऊ, जेवू, पण त्या बैलाजवळ कुणी उभं राहणार नाही. फोटो नाही, टाळी नाही. आणि त्याच्या पोशाखात तर कुणी शिरणारच नाही.

पोशाख तोवर पुण्याहून शिवून आला होता. काय देखणा होता म्हणून सांगू! पांढरं मऊ कापड, कान खरोखर लोंबणारे, शेंब्यांना पितळी चकाकी. मी त्याच्या गळ्यात पडले. श्रीरंग सर मात्र डोक्याला हात लावून बसले होते. "तनुजा, चित्र सुंदर आहे गं. पण लोकच नाराज असतील तर काय उपयोग? मेळाव्यात चाललं नाही तर आपण गरुड घेऊ. गरुडाला कोणी नाही म्हणत नाही."

गरुड! कुंभेफळात कुणी गरुड पाहिलाय?

ओकादा-सानांना नाराजी कळली होती, कारण कळलं नव्हतं. ते पोशाखाचे नियम समजावत राहिले. पोशाख घातलेल्याने बोलायचं नाही. खोकायचंही नाही. लोकांसमोर डोकं काढायचं नाही. आणि कुणी विचारलं की आत कोण आहे, तर उत्तर एकच. ते त्यांनी श्रीरंग सरांकडून मराठीत लिहून घेतलं होतं आणि मोठ्या कष्टाने म्हणून दाखवलं: "आत कोनी नाही. हा काजारुया आहे."

"पण आत कुणीतरी जायला पाहिजे ना सर," श्रीरंग सर म्हणाले. "एकही जण तयार नाही."

मी म्हटलं, मी जाते. पोशाख माझ्या मापाच्या दीडपट होता. मी आत शिरले तर काजळ्याचं तोंड माझ्या छातीशी आलं. सगळे हसले आणि मी आत रडले. तेव्हा कळलं, की त्यात रडलेलं बाहेर दिसत नाही.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. बद्रीनाथकाकांचं, गरुडाचं, सगळं. आबांनी ऐकून घेतलं. तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "मेळावा कवा म्हनलीस?"

"सुट्टीच्या दिवशी. संध्याकाळी."

"त्या दिवशी खांदेमळण हाय."

मी कॅलेंडर पाहिलं. पोळ्याचा आदला दिवस! कारखान्याला काय माहीत, त्यांना सुट्टी दिसली आणि त्यांनी तारीख धरली. आबा तंबाखू झाडून उठले. "म्या शिरतो," ते म्हणाले. "मायला सांगू नगं."

"आबा, काका काय म्हणतील?"

"आत कोनी नसतं म्हणतेत ना तुझे सायब? मंग कुनाला म्हणतील?"

मेळाव्याच्या दिवशी आबा सकाळीच ओव्हरटाइमचं निमित्त सांगून गेले. मी मायला घेऊन संध्याकाळच्या बसने निघाले. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. हातात पिशवी घट्ट धरलेली. आभाळ कोरडं ठाक होतं, यंदाही पावसाने तोंड फिरवलेलं. कारखान्याच्या हिरवळीवर मात्र मांडव, दिवे, गाणी. कुंभेफळ, शेंद्रा, आजूबाजूची सगळी गावं तिथे. बायका नव्या लुगड्यांत, पुरुष एका बाजूला हाताची घडी घालून. पुढे बद्रीनाथकाका.

गाणं थांबलं. श्रीरंग सरांनी माइकवर नाव पुकारलं आणि पडद्यामागून काजळ्या आला.

तो आला, आणि काय सांगू, तो चालतच आला! पोशाखातली माणसं उड्या मारतात, हात हलवतात, हा तसलं काही करेना. एक पाऊल, मग मान जरा डावीकडे. दुसरं पाऊल, मग मान उजवीकडे. नांगरामागे आबा त्याच्यासोबत आयुष्यभर चालले होते. काजळ्या कसा चालतो ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मांडवातल्या आमच्या गावाच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

"आगं बया," मागे कुणीतरी म्हणालं. "ह्यो तं खराच काजळ्या चालतोय."

पण टाळी नाही. काजळ्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याच्याभोवती भलीमोठी मोकळी जागा राहिली. पुढे कुणी येईना. एक लहान मुलगी निघाली होती, तिच्या वडिलांनी हात धरून मागे ओढलं. श्रीरंग सर घाम पुसायला लागले. संपलं, उद्यापासून गरुड!

तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. माय उठली होती. पिशवी तिथेच ठेवून, एक डबी तेवढी हातात घेऊन, ती सगळ्या मांडवासमोरून ताठ चालत गेली. तिने डबीचं झाकण काढलं. हळद घातलेलं लोणी! म्हणजे घरूनच कालवून आणलं होतं. म्हणजे हिचं आधीच ठरलं होतं आणि आम्हा दोघांना तिने पत्ता लागू दिला नव्हता!

"अहो मावशी, थांबा, डाग पडेल, पांढरं कापड आहे ते!" श्रीरंग सर धावले. ओकादा-सानांनी त्यांचा दंड धरला आणि सोडलाच नाही.

मायने काजळ्याच्या डाव्या खांद्यावर लोणी लावलं आणि मळायला घेतलं. दोन्ही हातांनी, मुठीने, मळायचं तसं मळलं. मग उजव्या खांद्याला हात घातला आणि आतला माणूस दचकला. दुखऱ्या जागेवर बोट पडलं होतं. मायचा हात थांबला. तिने मान वर करून त्या टपोऱ्या डोळ्यांत बघितलं. मग ती पुन्हा त्याच खांद्यावर वळली आणि अंगठ्याने, हळूहळू, खोलवर दाबत, कापडासकट तो खांदा मळत राहिली.

आत कोणी नव्हतं, त्यामुळे नको म्हणायचीही सोय नव्हती.

लोणी संपलं तसे तिने पदराला हात पुसले. काजळ्याचा लोंबता कान उचलून तोंड जवळ नेलं, पण आवाज मुद्दाम एवढा केला, की शेवटच्या खुर्चीपर्यंत जावा.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." आणि मग जरा थांबून, "औंदा कुठं जाऊ नगा."

काजळ्याने मान खाली घातली. त्याचे कान थरथरत होते.

पहिल्यांदा उठल्या त्या बद्रीनाथकाकांच्या घरच्या मनकर्णाबाई. त्यांनी कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन काजळ्याच्या कपाळाला लावलं. मग शेंद्र्याच्या बायका. मग कोण कुठली! हळद कुणाकडे नव्हती तर कँटीनमधून मागवली. कित्येक घरांत आता बैल नव्हता, खांदे मळायला हातांना काही उरलं नव्हतं, ते सगळे हात त्या एका बैलाकडे धावले. मुलं त्याच्या पायांना बिलगली. फोटोवाल्याला जागा मिळेना. ओकादा-सान स्वतः रांगेत उभे राहिले, त्यांच्या हातात हळदीची वाटी, आणि पुढच्या बाईला विचारत होते, "व्हॉट आय से? व्हॉट आय से?" ती त्यांना शिकवत होती, "म्हणा, आवतण घ्या." "आवातान!" मी आनंदाने ओरडत होते आणि ओरडता ओरडता नाकडोळे पुसत होते. असा पोळा मी जन्मात पाहिला नव्हता!

सगळ्यात शेवटी बद्रीनाथकाका आले. काजळ्यासमोर उभे राहिले. मग पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळले.

"ए पोरी. हा एकटाच काऊन काढलास?"

"मग काका?"

"जोडी लागती बैलाची. एकटा कसा नांगर वढल? माझ्या मोऱ्याचंबी काढ. शिंग डावं जरा आखूड व्हतं त्याचं, ध्यानात ठिव. गुळगुळीत करून काढशील न्हाईतर."

"काढते! आज घरी गेल्या गेल्या काढते!"

"आन् त्या भिंतीवरचं लिवलेलं पुसा म्हणावं. काजळ्या म्हणून लिवा. नावानं."

श्रीरंग सर मागेच उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले तेव्हा जुनी ओळ खोडून खाली मोठ्या अक्षरांत 'काजळ्या' लिहिलेलं होतं. पोशाखाच्या दोन्ही खांद्यांवर पिवळेजर्द डाग होते. धुवायला पाठवायचा का, असं श्रीरंग सरांनी विचारलं, तर ओकादा-सान म्हणाले, नको. माझ्याकडे आले आणि म्हणाले, चित्रातही ते दाखव. मी सगळ्या काजळ्यांचे खांदे पिवळे केले.

मेळाव्याच्या रात्री आम्ही दोघी बसने आधी घरी आलो होतो. आबा उशिरा आले, ओव्हरटाइम लई झाला म्हणाले, मायने "व्हय का" म्हणून वाढलं. दोघंही असे चेहरे करून बसलेले, की मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पोळा. मी कामावरून सुटून घरी आले तर गल्लीच्या तोंडाशीच वास लागला. पुरणाचा! मी धावत सुटले. मायने अंगण सारवलं होतं. काजळ्याच्या खुंट्यापुढे रांगोळी, आणि रांगोळीत ताट मांडलेलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडई, भजी. घरात आमची दोघींची ताटं वेगळी होती. बाहेर हे एकच.

आबा पाळी संपवून आले. फाटक लोटलं आणि तिथेच थबकले. त्यांनी ताटाकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं, मग मायकडे. मला वाटलं, आता म्हणतील, हे काय, म्हाताऱ्यागत बाहेर कशाला बसवतीस. त्यांनी चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले आणि खुंट्याला पाठ लावून ताटासमोर मांडी घातली.

माय तुपाचं भांडं घेऊन वाकली.

"आनखी वाढू?"

आबांनी काजळ्यासारखी नुसती मान हलवली.